छेदस्थानाचा प्रश्न : रुग्णालयीन मृत्युदराचा १८६३ मधील वाद

साथरोगशास्त्राच्या अभ्यासात परिचर्येच्या विद्यार्थ्यांना आरंभीच 'दर' ही संकल्पना शिकविली जाते. अंशस्थानी घटनांची संख्या, छेदस्थानी त्या घटनेचा धोका असलेली लोकसंख्या आणि सोबत कालावधी, अशी तिची व्याख्या आहे. व्याख्या सोपी आहे. परंतु छेदस्थानी नेमके काय घ्यावे, या प्रश्नावरून आधुनिक परिचर्येच्या प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यावरच टीका ओढवली होती.

क्रिमियन युद्धावरून १८५६ मध्ये परतल्यानंतर नाइटिंगेल यांनी ब्रिटनच्या महानिबंधक कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने रुग्णालयांच्या आकडेवारीचा अभ्यास केला. 'नोट्स ऑन हॉस्पिटल्स' या त्यांच्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत इंग्लंडमधील १०६ प्रमुख रुग्णालयांचे कोष्टक आहे. लंडनच्या २४ रुग्णालयांत ८ एप्रिल १८६१ रोजी ४,२१४ रुग्ण होते व त्या वर्षात तेथे ३,८२८ मृत्यू झाले. यावरून मृत्युदर ९०.८४ टक्के ठरविला गेला. मार्गेट येथील समुद्रस्नान रुग्णालयात १३३ रुग्णांमागे १७ मृत्यू, म्हणजे १२.७८ टक्के, असे प्रमाण होते. महानगरातील दाटी व दूषित हवा रुग्णांना मारक ठरते, या नाइटिंगेल यांच्या मताला त्यातून बळ मिळाले.

वैद्यकीय नियतकालिकांतून यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. टीकाकारांमध्ये सेंट टॉमस रुग्णालयाचे डॉ. जॉन ब्रिस्टो होते. नाइटिंगेल यांची परिचारिका शाळा १८६० मध्ये याच रुग्णालयात सुरू झाली होती, हा योगायोग लक्षणीय आहे. अंशस्थानी वर्षभराचे मृत्यू आणि छेदस्थानी मात्र एका दिवसाचे रुग्ण, हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. सामान्य वाचक ९०.८४ टक्के याचा अर्थ 'शंभर रुग्णांपैकी एक्क्याण्णव दगावतात' असाच घेणार. प्रत्यक्षात एका खाटेवर वर्षभरात अनेक रुग्ण येऊन जातात. समजा, सरासरी मुक्काम छत्तीस दिवसांचा असेल, तर एका खाटेमागे वर्षाला सुमारे दहा रुग्ण होतात आणि तेच प्रमाण दाखल रुग्णांमागे नऊ टक्क्यांवर येते.

तथापि फार यांची पद्धत निराधार नव्हती. एका दिवसाची रुग्णसंख्या ही वर्षाची सरासरी मानली, तर ४,२१४ हा आकडा रुग्ण-वर्षांचा होतो. शहराचा वार्षिक मृत्युदरही याच रीतीने काढतात. एक माप धोक्याचा वेग सांगते, दुसरे दाखल झालेल्यांपैकी किती जण दगावले ते सांगते. फार यांनी आपल्या मापाचे समर्थन केले; पण त्याला 'टक्के' हे नाव देण्यातच खरी गफलत होती.

याहून गंभीर दोष तुलनेत होता. लंडनच्या रुग्णालयांत अपघातग्रस्त व अत्यवस्थ रुग्ण येत, तर मार्गेटला दीर्घकालीन विकारांचे रुग्ण महिनोन्‌महिने राहत. वय, आजाराचे स्वरूप व मुक्काम यांचा विचार केल्याविना इमारतीला दोष देता येत नाही.

सर्व रुग्णालयांसाठी समान नोंदतक्त्यांची योजना नाइटिंगेल यांनी १८६० च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे आधीच मांडली होती. दाखल, बरे झालेले, मृत, मुक्कामाचे दिवस असे रकाने त्यात होते. सेंट टॉमसची नवी इमारत १८७१ मध्ये उघडली. ती शहराबाहेर न जाता थेम्सकाठी लॅम्बेथ येथेच झाली. तिची रचना मात्र नाइटिंगेल यांच्या आग्रहाप्रमाणे हवेशीर, सुट्या कक्षांची होती.