विशेष आकारणी (जलवाहिनी विस्तार)

नव्या जलवाहिनीचा खर्च सगळ्या शहराच्या तिजोरीतून न करता, जिच्या दारातून ती जाते त्या मिळकतीवर बसवण्याची अमेरिकेतील पद्धत. मिनेसोटा राज्यात ती कायद्याच्या ४२९व्या प्रकरणाने बांधलेली आहे.

रस्त्यालगतच्या किमान ३५ टक्के दर्शनी लांबीच्या मालकांनी अर्ज केला, तर नगर परिषदेला साध्या बहुमताने काम हाती घेता येते. अर्ज नसेल तर चार-पंचमांश मते लागतात. काम मंजूर करण्यापूर्वी आणि आकारणी ठरवण्यापूर्वी जाहीर सुनावणी होते. रक्कम बहुधा दर्शनी लांबीवर किंवा घरटी ठरते. लांबीचे माप लावले की कोपऱ्यावरच्या प्लॉटला दोन बाजू येतात, आणि वादाला तिथेच तोंड फुटते. रक्कम मिळकतकराच्या बिलातून व्याजासह हप्त्यांनी वसूल होते. मंजुरीपासून ३० दिवसांत सगळी भरल्यास व्याज माफ.

आकारणी मिळकतीच्या बाजारमूल्यात झालेल्या वाढीपेक्षा जास्त असू शकत नाही, ही या पद्धतीतली सर्वांत न्याय्य अट. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली ‘नॉरवुड विरुद्ध बेकर’ खटल्यात लाभाहून बरीच जास्त आकारणी म्हणजे मोबदल्याविना मालमत्ता हिरावणे, असे ठरवले होते. तरीही स्वतःची चालू विहीर असलेल्या वृद्ध मालकाला हा बोजा जड जातो. म्हणून ६५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या अडचणीतल्या मालकांना वसुली पुढे ढकलून देण्याची मुभा स्थानिक संस्थांना आहे.