महाभियोग आणावा का, आणि केव्हा? अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१. प्रास्ताविक

निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष आपल्या अधिकारांचा गैरवापर करू लागला, तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबावे की त्याला मध्येच पदावरून दूर करावे? अमेरिकेच्या राज्यघटनेने यासाठी महाभियोगाचा मार्ग ठेवला आहे. परंतु २०२१ पर्यंत तिथे केवळ तीन राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग मंजूर झाला : ॲण्ड्र्यू जॉन्सन (१८६८), बिल क्लिंटन (१९९८) आणि डोनाल्ड ट्रम्प (२०१९ व २०२१). यांपैकी कोणीही दोषी ठरला नाही. ज्या रिचर्ड निक्सन यांना या प्रक्रियेमुळे पद सोडावे लागले, त्यांच्यावर महाभियोग मंजूर होण्याची वेळच आली नाही. त्यांनी त्याआधीच राजीनामा दिला.

हा विरोधाभास कसा निर्माण झाला, हे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे. त्यासाठी जॉन्सन आणि निक्सन ही दोन प्रकरणे आपण तपशिलाने पाहू. ‘महाभियोग आणावा का’ आणि ‘केव्हा आणावा’ हे दोन वेगळे प्रश्न वाटतात; पण इतिहासात ते एकमेकांत गुंतलेले दिसतात.

२. घटनेतील तरतूद आणि तिचे मूळ

प्रथम एक गैरसमज दूर करू. महाभियोग म्हणजे पदच्युती नव्हे. संसदेचे कनिष्ठ सभागृह, म्हणजे प्रतिनिधिगृह, साध्या बहुमताने दोषारोप ठेवते; त्याला महाभियोग म्हणतात. खटला वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये चालतो आणि दोषी ठरवण्यासाठी उपस्थित सदस्यांच्या दोनतृतीयांश मतांची गरज असते. राष्ट्राध्यक्षाच्या खटल्यात सरन्यायाधीश अध्यक्षस्थानी बसतात.

ही पद्धत इंग्लंडच्या संसदेकडून आलेली आहे आणि तिच्या अमेरिकी रूपाशी भारताचाही एक धागा जुळतो. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे घटना तयार होत होती, त्याच वर्षी लंडनमध्ये वॉरन हेस्टिंग्जवर बंगालमधील कारभाराबद्दल महाभियोग मंजूर झाला होता. देशद्रोह आणि लाचखोरी एवढीच कारणे पुरेशी नाहीत, असे सांगताना व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांनी ८ सप्टेंबर १७८७ रोजी हेस्टिंग्जचेच उदाहरण दिले. हेस्टिंग्जवरील आरोप देशद्रोहाचे नव्हते, तरी ते गंभीर होते, हा त्यांचा मुद्दा होता. मेसन यांनी ‘गैरकारभार’ हा शब्द सुचवला. जेम्स मॅडिसन यांनी त्याला हरकत घेतली : इतका सैल शब्द घातला, तर राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर पदावर राहील. अखेर ‘देशद्रोह, लाचखोरी किंवा अन्य गंभीर गुन्हे व गैरवर्तने’ अशी शब्दरचना स्वीकारली गेली.

या चर्चेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. केवळ अकार्यक्षमता किंवा धोरणाबद्दलचा मतभेद हे महाभियोगाचे कारण होऊ शकत नाही. त्यासाठी दर चार वर्षांनी निवडणूक आहे. दुसरीकडे, फौजदारी कायद्यातला गुन्हा सिद्ध झालाच पाहिजे, अशीही अट नाही. या दोन टोकांमधली जागा घटनाकारांनी मोकळी ठेवली. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्येच इशारा दिला होता की, अशा खटल्यांचा निकाल दोष-निर्दोषत्वापेक्षा पक्षांच्या बलाबलावर ठरण्याचा धोका मोठा आहे.

३. ॲण्ड्र्यू जॉन्सन : खरा आरोप एक, लिहिलेला आरोप दुसरा

एप्रिल १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांची हत्या झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. ते टेनेसी राज्यातील डेमोक्रॅट होते. यादवी युद्धात ते संघराज्याच्या बाजूने उभे राहिले होते, म्हणून १८६४ मध्ये त्यांना लिंकनबरोबर उमेदवारी मिळाली होती. युद्ध संपले होते आणि सुमारे ४० लाख गुलाम मुक्त झाले होते. पराभूत दक्षिणेकडील राज्ये मात्र ‘ब्लॅक कोड’ नावाचे कायदे करून त्यांना पुन्हा जखडू पाहत होती. १८६६ मध्ये मेम्फिस आणि न्यू ऑर्लिन्स येथे कृष्णवर्णीयांच्या कत्तली झाल्या.

अशा काळात जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर नकाराधिकार वापरला. संसदेने एप्रिल १८६६ मध्ये दोनतृतीयांश मतांनी तो मोडून काढला. समान नागरिकत्वाची हमी देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीलाही त्यांनी विरोध केला. १८६६ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांशांहून अधिक बळ मिळाले. त्या जोरावर संसदेने १८६७ मध्ये पुनर्रचना कायदे करून दक्षिणेत लष्करी देखरेख आणली. तेव्हा जॉन्सन यांनी त्या कायद्यांची कडक अंमलबजावणी करणाऱ्या फिलिप शेरिडन यांच्यासारख्या सेनाधिकाऱ्यांना हटवले. संसदेने केलेला कायदा राष्ट्राध्यक्ष अंमलबजावणीत निष्प्रभ करत होता, हा त्यांच्यावरचा खरा आक्षेप होता.

याच आक्षेपावर पहिला प्रयत्न झाला. नोव्हेंबर १८६७ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायिक समितीने ५ विरुद्ध ४ मतांनी महाभियोगाची शिफारस केली. ७ डिसेंबरला सभागृहाने ती १०८ विरुद्ध ५७ मतांनी फेटाळली. एखादा विशिष्ट कायदा मोडल्याचे दाखवता येत नाही, असे अनेक मवाळ रिपब्लिकनांना वाटत होते.

तो ‘मोडलेला कायदा’ लवकरच मिळाला. मार्च १८६७ च्या पदकाल कायद्यानुसार सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला सिनेटच्या संमतीशिवाय काढता येत नव्हते. २१ फेब्रुवारी १८६८ रोजी जॉन्सन यांनी युद्धमंत्री एडविन स्टॅन्टन यांना बडतर्फ केले. स्टॅन्टन यांनी कार्यालय सोडण्यास नकार दिला आणि तिथेच ठाण मांडले. तीनच दिवसांत, २४ फेब्रुवारीला, प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला. आधी ठराव झाला आणि आरोपांची कलमे नंतर लिहिली गेली! अकरा कलमांपैकी पहिली नऊ स्टॅन्टन प्रकरणाभोवतीच फिरत होती.

इथेच खटल्याची बाजू लंगडी पडली. पदकाल कायद्यानुसार मंत्र्याला संरक्षण होते ते त्याला नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या कार्यकाळात आणि त्यानंतर एक महिना. स्टॅन्टन यांना लिंकन यांनी नेमले होते. मग त्यांना हे संरक्षण होते का? शिवाय तो कायदा घटनात्मक होता का? बचाव पक्षाने हे प्रश्न प्रभावीपणे मांडले. मुक्त गुलामांच्या हक्कांचा मूळ प्रश्न मात्र खटल्यात कडेला राहिला.

१६ मे १८६८ रोजी अकराव्या कलमावर मतदान झाले : ३५ विरुद्ध १९. दोषी ठरवण्यासाठी ३६ मते हवी होती. सात रिपब्लिकन सिनेटर्सनी निर्दोषत्वाच्या बाजूने मत दिले. २६ मे रोजी आणखी दोन कलमांवर तोच आकडा आला आणि खटला संपला.

या सात जणांना केवळ कायद्याची शंका होती, असे म्हणता येणार नाही. उपराष्ट्राध्यक्षपद रिकामे होते. जॉन्सन गेले असते तर सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड राष्ट्राध्यक्ष झाले असते आणि त्यांची जहाल मते मवाळांना नको होती. निवडणूक अवघ्या सहा महिन्यांवर होती. खटल्याच्या काळात जॉन्सन यांनीही मवाळांना मान्य होईल अशा जॉन स्कोफिल्ड यांचे नाव युद्धमंत्रिपदासाठी पुढे केले. उरलेले काही महिने सहन करू, असा हिशेब अनेकांनी केला.

तो हिशेब स्वस्त नव्हता. डिसेंबर १८६८ मध्ये जॉन्सन यांनी उरलेल्या सर्व माजी बंडखोरांना बिनशर्त माफी दिली. पुढे पदकाल कायदा १८८७ मध्ये रद्द झाला आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यामागील तत्त्व चुकीचे ठरवले. ज्या कायद्यावर सगळा खटला उभारला होता, त्याचा पायाच कच्चा होता.

४. रिचर्ड निक्सन : थांबण्याचा उपयोग

१७ जून १९७२ रोजी वॉशिंग्टनमधील वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसलेल्या पाच जणांना अटक झाली. तरीही नोव्हेंबरमध्ये निक्सन ५० पैकी ४९ राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले. मे १९७३ पासून सॅम अर्विन यांच्या अध्यक्षतेखालील सिनेट समितीच्या सुनावण्या दूरचित्रवाणीवरून देशभर दिसू लागल्या. १६ जुलैला त्यांतूनच उघड झाले की, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातील संभाषणे ध्वनिमुद्रित होत असत.

३१ जुलै १९७३ रोजी मॅसॅच्युसेट्सचे सदस्य रॉबर्ट ड्रायनन यांनी महाभियोगाचा ठराव मांडला. त्यांचा मुख्य रोख कंबोडियावरील गुप्त बॉम्बफेकीवर होता. त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांना हे पाऊल अवेळी वाटले. ठराव तेव्हाच मतास आला असता तर तो मोठ्या फरकाने पडला असता आणि निक्सन यांना आयतेच निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र मिळाले असते, अशी त्यांना भीती होती.

पुढच्या वर्षभरात तीन गोष्टी घडल्या. पहिली, वारसाचा प्रश्न सुटला. ऑक्टोबर १९७३ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी वेगळ्या प्रकरणात राजीनामा दिला आणि डिसेंबरमध्ये पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार जेराल्ड फोर्ड उपराष्ट्राध्यक्ष झाले. आता निक्सन गेले तरी सत्ता रिपब्लिकन पक्षातच राहणार होती. महाभियोग म्हणजे सत्ता बळकावण्याचा डाव, हा आरोप बोथट झाला. दुसरी, २० ऑक्टोबरला निक्सन यांनी विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना हटवायला लावले. त्याला नकार देऊन ॲटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. चौकशी करणाऱ्यालाच काढले जाते, हे पाहून लोकमत ढवळून निघाले. तिसरी, ६ फेब्रुवारी १९७४ रोजी प्रतिनिधिगृहाने ४१० विरुद्ध ४ मतांनी न्यायिक समितीला चौकशीचा अधिकार दिला. आधी चौकशी, मग आरोप असा हा क्रम होता. १८६८ च्या नेमका उलट.

२४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८–० असा एकमुखी निर्णय देऊन ध्वनिफिती सुपूर्द करण्याचा आदेश दिला. २७ ते ३० जुलै दरम्यान समितीने तीन कलमे मंजूर केली : न्यायात अडथळा (२७–११), अधिकारांचा गैरवापर (२८–१०) आणि संसदेच्या आदेशांचा अवमान (२१–१७). कंबोडियाचे कलम मात्र २६ विरुद्ध १२ मतांनी फेटाळले गेले. ५ ऑगस्टला प्रसिद्ध झालेल्या ध्वनिफितीतून दिसले की, घरफोडीनंतर सहाच दिवसांनी निक्सन यांनी एफबीआयचा तपास रोखण्याची योजना मान्य केली होती. समितीत विरोधात मत दिलेल्या रिपब्लिकन सदस्यांनीही आता पहिल्या कलमाला पाठिंबा जाहीर केला. ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर यांच्यासह पक्षाचे तीन ज्येष्ठ नेते निक्सन यांना भेटले. ९ ऑगस्टला राजीनामा अमलात आला.

यात यशाबरोबर एक उणीवही आहे. कंबोडियातील बॉम्बफेकीत गेलेल्या जिवांचा विचार केला, तर वगळलेले कलम कदाचित सर्वांत गंभीर होते. समितीने सर्वांत मोठा आरोप निवडला नाही. जो सिद्ध करता येईल आणि ज्यावर दोन्ही पक्ष एकत्र येतील, तो निवडला.

५. नंतरची प्रकरणे

क्लिंटन यांच्यावर डिसेंबर १९९८ मध्ये महाभियोग आला, तो खासगी संबंधांबद्दल शपथेवर खोटे बोलल्याच्या आणि न्यायात अडथळा आणल्याच्या आरोपांवरून. फेब्रुवारी १९९९ मध्ये सिनेटमध्ये दोन्ही कलमांवर साधे बहुमतही मिळाले नाही (४५–५५ आणि ५०–५०). वर्तन चुकीचे होते, पण ते राज्यव्यवस्थेविरुद्धचे होते का, या प्रश्नाचे पटेल असे उत्तर देता आले नाही.

ट्रम्प यांच्या दोन प्रकरणांत वेळेचाच मुद्दा बचावासाठी वापरला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये युक्रेन प्रकरणी महाभियोग आला, तेव्हा निवडणूक जवळ आहे, निर्णय मतदारांवर सोडा, असे म्हटले गेले. ६ जानेवारी २०२१ च्या संसद भवनावरील हल्ल्यानंतर आठवड्यात दुसरा महाभियोग मंजूर झाला; खटला उभा राहिला तेव्हा मुदत संपली होती, म्हणून आता खटला कशाला, असे म्हटले गेले. त्यात ५७ विरुद्ध ४३ मते पडली. सात रिपब्लिकन सिनेटर्स दोषी ठरवण्याच्या बाजूने होते, तरी दोनतृतीयांशांसाठी दहा मते कमी पडली.

६. मूल्यमापन

या इतिहासातून ‘का’ या प्रश्नाचे उत्तर असे मिळते : राष्ट्राध्यक्षाचे कृत्य घटनेची चौकटच मोडणारे असेल आणि निवडणूक हा त्यावर पुरेसा उपाय नसेल, तर महाभियोग योग्य ठरतो. जॉन्सन कायद्यांची अंमलबजावणीच हाणून पाडत होते. निक्सन तपासयंत्रणा वाकवत होते. पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबणे म्हणजे तोवर तेच चालू देणे होते.

‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर केवळ कॅलेंडरमध्ये नाही. १८६७ मध्ये खरा आरोप होता, पण धैर्य नव्हते. १८६८ मध्ये धैर्य होते, पण आरोप भलताच होता. १९७४ मध्ये आरोप, पुरावा आणि आरोपीच्या पक्षातील काहींची संमती या गोष्टी एकत्र आल्या. थांबणे उपयोगी ठरले, कारण त्या काळात चौकशी चालू होती. चौकशीविना थांबणे म्हणजे फक्त टाळाटाळ. अर्थात, ध्वनिफिती नसत्या किंवा न्यायालयाचा निर्णय वेगळा लागला असता, तर काय झाले असते, हा विचार विद्यार्थ्यांनी जरूर करावा. योगायोगाचा वाटाही इतिहासात असतो.

७. भारतीय राज्यघटनेशी तुलना

भारताच्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ६१ नुसार राष्ट्रपतींवर ‘संविधानाचा भंग’ या एकाच कारणासाठी महाभियोग आणता येतो. सभागृहाच्या किमान एकचतुर्थांश सदस्यांच्या सहीची चौदा दिवसांची नोटीस लागते आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोनतृतीयांश बहुमत लागते. ही तरतूद आजवर वापरली गेलेली नाही. आपल्याकडे खरी कार्यकारी सत्ता पंतप्रधान व मंत्रिमंडळाकडे असते आणि लोकसभा साध्या बहुमताने अविश्वास ठराव मंजूर करून त्यांना दूर करू शकते. तिथे गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाला असे दूर करता येत नाही, म्हणूनच तिथे महाभियोगावर इतका भार पडतो.

सारांश

महाभियोग हा राजकीय हातातला घटनात्मक उपाय आहे. आरोप राज्यव्यवस्थेविरुद्धच्या कृत्याचा हवा, लिहिलेला आरोप आणि खरा आक्षेप एकच हवा, चौकशी आरोपाआधी व्हायला हवी आणि वारसाबद्दलचा संशय कमीत कमी हवा. निर्दोष सुटका झाली म्हणून महाभियोग अनाठायी होता असे नाही आणि पद गेले म्हणून प्रत्येक गैरकृत्याचा हिशेब झाला असेही नाही.

स्वाध्याय

१. ‘गैरकारभार’ या शब्दाला मॅडिसन यांनी का विरोध केला? तो शब्द घटनेत आला असता तर जॉन्सन खटल्याचा निकाल बदलला असता का?
२. १८६८ आणि १९७४ मधील उत्तराधिकाराच्या स्थितीची तुलना करा.
३. कंबोडियाचे कलम वगळणे योग्य होते का? दोन्ही बाजू मांडा.
४. ‘निवडणूक जवळ असताना महाभियोग आणू नये.’ या विधानाचे ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे परीक्षण करा.