संख्याशास्त्रातील इंग्रजी शब्दांची कुळकथा

मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी महाविद्यालयात येतो आणि संख्याशास्त्राच्या पहिल्याच धड्यात अडखळतो. त्याला गणित अडवीत नाही, शब्द अडवितात. ‘पॉप्युलेशन’ म्हणजे लोकसंख्या, हे त्यास शाळेपासून ठाऊक असते. मग पोत्यातील दाण्यांचे पॉप्युलेशन ते कसले? आम्ही अध्यापक अशा वेळी व्याख्या पाठ करावयास सांगून मोकळे होतो. त्याऐवजी या शब्दांची कुळकथा सांगावी, असे आम्हांस वाटते.

‘स्टॅटिस्टिक्स’ या शब्दातच ‘स्टेट’ म्हणजे राज्य दडलेले आहे. जर्मन पंडित आखेनवाल याने 1749 मध्ये राज्यांच्या स्थितीच्या वर्णनास ‘स्टाटिस्टिक’ म्हटले. सर जॉन सिंक्लेअर याने 1791 पासून स्कॉटलंडचा परगणेवार वृत्तांत प्रसिद्ध करताना तो शब्द इंग्रजीत रूढ केला. राज्याच्या माहितीपासून निघालेल्या या शास्त्रात माणसांसाठी असलेला ‘पॉप्युलेशन’ हा शब्द पुढे दाण्यांनाही लागू व्हावा, यात नवल नाही. ‘अ‍ॅव्हरेज’ समुद्रावरून आला. वादळात माल बुडाला, की ते नुकसान सर्व व्यापाऱ्यांनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे सोसावयाचे, या रिवाजाशी तो निगडित आहे. त्याचे मूळ अरबीत असल्याचे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. आपली ‘सरासरी’ही फारसीतूनच आलेली आहे.

‘रिग्रेशन’चे उदाहरण तर फारच बोलके आहे. कोशात त्याचा अर्थ पीछेहाट असा मिळतो आणि विद्यार्थी गोंधळतो. गाल्टन याने 1886 मध्ये 928 प्रौढ अपत्यांच्या उंचीची त्यांच्या आईबापांच्या उंचीशी तुलना केली. उंच आईबापांची मुले उंच खरी, परंतु त्यांची उंची सरासरीकडे थोडी मागे सरकलेली आढळली. हे ‘मागे सरकणे’ म्हणजेच रिग्रेशन. ‘समाश्रयण’ हा आपला पर्याय शास्त्रशुद्ध आहे. परंतु ही गोष्ट त्यात ऐकू येत नाही. ‘सिग्निफिकंट’ म्हणजे ‘महत्त्वाचा’ असे समजणारा तर थेट चुकीच्या निष्कर्षास पोहोचतो. केवळ योगायोगाने सहसा घडणार नाही, एवढाच त्याचा येथील आशय आहे. फरक क्षुल्लक असूनही तो सिग्निफिकंट ठरू शकतो.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविली पाहिजे. ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ ही संज्ञा पिअर्सनने 1894 मध्ये छापली, ‘मोड’ त्यानेच 1895 मध्ये योजला, आणि ‘व्हेरिअन्स’ फिशरने 1918 मध्ये. म्हणजे हे शब्द इंग्रजीतही कोणीतरी गरजेपोटी घडविले आहेत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1933 मध्ये आपल्या इंग्रजी नियतकालिकास ‘संख्या’ हे नाव दिले, तेही याच आत्मविश्वासाने.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की फळ्यावर इंग्रजी संज्ञा आणि मराठी पर्याय शेजारी शेजारी लिहावेत, आणि मध्ये त्या शब्दाची गोष्ट सांगावी. ज्याला ती गोष्ट कळली, त्याला व्याख्या घोकावी लागत नाही. आणि इंग्रजीचे भयही उरत नाही.