यवतची पिठलं-भाकरी आणि प्रवासाचे अभ्यासक

आषाढी वारीत पुण्याचा पाहुणचार घेऊन ज्ञानेश्वरमाउलींची आणि तुकोबांची अशा दोन्ही पालख्या हडपसरला येतात आणि तिथे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउली दिवे घाटाकडे वळतात, तुकोबा सोलापूर रस्त्याला लागतात. लोणी काळभोरनंतर तुकोबांचा मुक्काम यवतला, काळभैरवनाथाच्या देवळात. दौंड तालुक्यातलं हे गाव वारकऱ्यांच्या तोंडी आहे ते पिठलं-भाकरीसाठी. भाकऱ्या घराघरांत थापल्या जातात आणि टोपल्या भरभरून देवळाकडे येतात. पिठलं मात्र देवळाच्या आवारातच होतं, चुलवणावरच्या मोठाल्या कढयांत. फोडणीचं पाणी खळखळून उकळलं की कालवलेलं बेसन त्यात सोडायचं आणि गुठळी धरू नये म्हणून हात न थांबवता घोटत राहायचं. घरात चौघांसाठी हे काम काही मिनिटांचं असतं. दिंड्याच्या दिंड्या जेवायला बसणार असतील तर कढईशी माणसं पाळीपाळीने उभी राहतात.

हा बेत निवडण्यात मोठं शहाणपण आहे. भाकरी आधी करून ठेवता येते, ताट नसलं तरी हातावर घेता येते, उरली तर दुसऱ्या दिवशी वरवंडच्या वाटेवर शिदोरी म्हणून चालते. बेसन पावसाळी दिवसांत टिकतं आणि झटपट शिजतं. एवढ्या लोकांना एका संध्याकाळी जेवू घालणं ही व्यवस्थापनाची विद्या आहे, आणि ती यवतने कोणत्याही महाविद्यालयात न जाता साधली आहे.

प्रवास, पाहुणचार आणि विरंगुळा यांचं संशोधन हा आज विद्यापीठांतला स्वतंत्र विषय आहे. ‘ॲनल्स ऑफ टुरिझम रिसर्च’ हे या विषयाचं प्रमुख नियतकालिक १९७३ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. व्हॅलीन स्मिथ यांनी संपादित केलेलं ‘होस्ट्स अँड गेस्ट्स’ १९७७ चं. महाराष्ट्रात मात्र त्याआधीच एक विदुषी पायी चालत निघाली होती. इरावती कर्वे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकवत होत्या. माउलींच्या पालखीबरोबर केलेल्या वारीवर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. त्याचं इंग्रजी रूप १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये छापून आलं.

त्या लेखातलं सर्वांत बोलकं निरीक्षण चुलीपाशी आहे. एकाच दिंडीत, एकच अभंग म्हणत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका मुक्कामावर वेगळ्या शिजवत, वेगळ्या जेवत. इरावतीबाईंना ते दररोज सलत होतं. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या आणि मग त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळेपणाने वागू लागल्या. फ्रेंच जेझुइट अभ्यासक गी दलरी हेही वारीत चालले होते, त्यांचा विठ्ठलसंप्रदायावरचा इंग्रजी ग्रंथ १९६० मध्ये डेक्कन कॉलेजनेच काढला. यात्रेत माणसं आपापलं सामाजिक स्थान विसरून एक होतात, हा सिद्धान्त मांडणारे व्हिक्टर टर्नर यांनी १९७४ च्या पुस्तकात पंढरीच्या वारीची चर्चा केली ती या दोघांच्याच आधारे. यात्रेतली एकी जातीची भिंत पुरती पाडत नाही, हे त्यांना मान्य करावं लागलं. जगभरच्या यात्राअभ्यासात आजही गाजणाऱ्या वादाचा एक पुरावा असा वारीच्या मुक्कामावरच्या चुलीतून आला.

तरी एक उणीव राहिलीच. इरावतीबाई, दलरी आणि नंतर १९६१ च्या वारीवर ‘पालखी’ लिहिणारे दि. बा. मोकाशी, हे सगळे चालणाऱ्यांबरोबर होते. दिंडी पुढे गेली की लेखणीही पुढे गेली. मागे कढया घासणाऱ्या गावाचा इतिहास कोणी त्याच निष्ठेने लिहायला हवा होता.

यवतच्या भोवतालच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात असा इतिहास लिहायला लागणारं साधन विखुरलेलं आहे. एक नमुना १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घोडनदीकाठी, शिरूरला, इंग्रजांची मोठी छावणी पडली. तिथले कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारले आणि शिरूरलाच पुरले गेले. पुढे भोवतालच्या खेड्यांतली माणसं त्यांना सत्पुरुष मानू लागली. गॅझेटिअर सांगतं की सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य त्यांच्या थडग्याला दाखवला जाई. परक्या फौजेचा अधिकारी गावच्या नैवेद्याचा धनी कसा झाला, याचं उत्तर केवळ भोळी श्रद्धा म्हणून मिळणार नाही. शिरूरच्या शेतकऱ्याने पाहुण्याला कुठे बसवलं आणि का, हा प्रश्न गंभीरपणे घेण्याजोगा आहे.

दौंडची गोष्ट रुळांची. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि गाडी बदलणाऱ्यांचं गाव तयार झालं. शिर्डीला साईबाबांच्या दर्शनाला निघालेला दक्षिणेकडचा भाविक याच मार्गाने कोपरगावला उतरे. १९०६ पासून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी प्रवाशांना कुर्डुवाडीहून पंढरपूरला नेऊ लागली, तेव्हा पुण्याकडचा रेल्वेने जाणारा वारकरीही दौंडावरूनच पुढे सरके. फलाटावर पथारी टाकून गाडीची वाट पाहणाऱ्या या माणसांनी काय खाल्लं, कोणी विकलं, किती रात्री काढल्या, हे कुठल्याही वेळापत्रकात नाही.

अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात आहे. सिद्धटेक भीमेच्या पलीकडे, कर्जत तालुक्यात, पण पुण्याकडचा भक्त दौंडावरूनच जातो. पूल होण्यापूर्वी शिरापूरहून नावेने नदी ओलांडावी लागे. १९७९ च्या ‘अष्टविनायक’ चित्रपटाने आठही गणपतींची नावं घरोघर पोचवली. आता सहलीच्या गाड्या दोन-तीन दिवसांत सगळे गणपती करून आणतात. पूल झाला हे चांगलंच झालं. नाव वल्हवणाऱ्यांच्या घरात पुढे कोणता धंदा आला, हे मात्र त्या घरांतले वडीलधारे आहेत तोवरच विचारता येईल.

शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीत पाहुणचाराचा हा इतिहास चालू वर्तमानकाळात आहे. चिंचेची झाडं, अंगणात उतरणारे मोर आणि शहरातून येणारी कुटुंबं. पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास बारामतीजवळ पळशीवाडीत कृषी पर्यटनाचा प्रयोग उभा केला, २०२० मध्ये राज्याने त्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. धोरणात खोल्यांची संख्या आणि नोंदणीच्या अटी असतात. पण शेतावरच्या पाहुण्याची चूल बहुतेक घरची बाईच सांभाळते. जेवणाचे पैसे घेणं तिला पहिल्यांदा कसं वाटलं, त्या पैशाचा हिशेब कोणाच्या वहीत जातो, पाहुणे असताना रानातली कामं कोण उरकतं, याची मुलाखतींतून नोंद करणारा एखादा प्रबंध शिरूरच्या किंवा दौंडच्या महाविद्यालयातल्या मुलीनेच करावा. आई, आत्या आणि शेजारणीपासून तिला सुरुवात करता येईल, आणि यवतच्या कढईशी उभ्या राहणाऱ्या माणसांपर्यंत एका एसटीत पोचता येईल.