उल्हासचे खोरे आणि त्याचे पाहुणे

स्वित्झर्लंडच्या एखाद्या डोंगरदरीत आठ दिवस जाऊन राहावे, तिथली लाकडी घरांची खेडी पाहावी, गिरिशिखरे चढावी, ही हौस आता आमच्या मध्यम वर्गालाही परकी राहिलेली नाही. ती वाईट आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण येथे राहणाऱ्या माणसाने आधी आपल्या दाराशी असलेल्या दरीची ओळख करून घ्यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. ही दरी म्हणजे उल्हास नदीचे खोरे. राजमाची आणि खंडाळा ह्यांच्या पायथ्याच्या गर्द रानात उगम पावून ही नदी कर्जत, नेरळ, बदलापूर ह्या गावांजवळून वाहत येते, आणि ठाकुर्लीच्या उत्तरेस खाडीचे रूप घेऊन वसईकडे निघून जाते. कर्जतच्या गाडीत बसलेला मनुष्य दीड तासात हे खोरे पायथ्यापर्यंत पाहू शकतो.

ह्या खोऱ्यात पाहुणे कधीपासून आले, कशासाठी आले, आणि त्यांच्या येण्याने खोऱ्यातल्या माणसांच्या पदरात काय पडले, हा आजचा विषय आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुस्तकांतून सापडतात. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते मात्र खरा इतिहास त्या तिसऱ्या प्रश्नात आहे.

प्रारंभी हे लक्षात घेतले पाहिजे, की डोंगर ही पाहण्याची वस्तू आहे ही कल्पना फार अलीकडची आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ह्या खोऱ्यातून जाणारा मनुष्य व्यापारी असे किंवा भिक्षू असे. कल्याण हे बंदर ग्रीक नाविकांच्या वृत्तांतात नोंदलेले आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या दानशूर लोकांची नावे आढळतात. बंदरात उतरलेला माल घाटमाथ्यावर नेण्याच्या वाटांपैकी एक नाणेघाटाची व एक बोरघाटाची. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे बौद्ध लेणी आहेत, ती ह्या वाटेवरच्या वर्दळीचीच साक्ष देतात. लेण्यातल्या भिक्षूला दरीचे सौंदर्य दिसत नव्हते असे नव्हे. पण तो सौंदर्यासाठी आलेला नव्हता. पुढे शके 982 मध्ये, म्हणजे इ. स. 1060 मध्ये, अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळात पूर्ण झाले. 1657 साली शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. राजमाचीच्या श्रीवर्धन आणि मनरंजन ह्या दोन बालेकिल्ल्यांवरून बोरघाटाची वाट नजरेखाली राहते. गडावरच्या पहारेकऱ्याने ती दरी रोज न्याहाळली, पण शत्रू येतो की काय हे पाहण्यासाठी.

ही दृष्टी पालटली ती एकोणिसाव्या शतकात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे 1850 च्या मे महिन्यात चौकच्या बाजूने माथेरानचा डोंगर चढून गेले आणि तिथल्या दाट सावलीने व गार वाऱ्याने मोहून गेले. माथेरान मॅलेटसाहेबांनी ‘शोधून काढले’ असे शाळेच्या पुस्तकांतून शिकविले जाते. आमचा ह्या शब्दाला नम्र आक्षेप आहे. त्या डोंगराच्या कुशीत ठाकूर, कातकरी, धनगर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, मध व हिरडा गोळा करीत होते, गुरे चारीत होते. ज्या पायवाटेने साहेब चढले ती वाट त्यांच्याच पायांनी पडलेली. तेव्हा 1850 साली माथेरानचा शोध लागला नाही. तिथे हवा खायला जाण्याची चाल सुरू झाली, एवढेच म्हणणे खरे.

ह्या चालीला आगगाडीने पंख दिले. 1853 च्या एप्रिलमध्ये मुंबईहून ठाण्यापर्यंत, 1854 मध्ये कल्याणपर्यंत, आणि 1856 मध्ये नेरळवरून थेट खोपोलीपर्यंत लोहमार्ग पोचला. नेरळला उतरावे आणि तट्टावर किंवा पालखीत बसून माथेरान गाठावे, असा क्रम सुरू झाला. पालखी म्हटली की भोई आले. पाहुण्याचा देह डोंगरावर पोचला तो दुसऱ्याच्या खांद्यावरून, ही गोष्ट इथे नमूद करून ठेवू.

पण खोऱ्याचे सर्वांत मोठे काम अजून व्हायचे होते. 1856 मध्ये बोरघाटाच्या चढणीचे बांधकाम सुरू झाले. सुमारे सोळा मैलांच्या लांबीत अठराशे फुटांवर चढ, आणि पंचवीस बोगदे. 1861 च्या प्रारंभी ह्या कामावर बेचाळीस हजार माणसे राबत होती. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार 1859 साली हिंदुस्थानात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट जाणत्या अभियंत्यांच्या हाती सोपवून तडीस नेले. तिचे नाव इतिहासात राहिले, आणि ते राहावेच. परंतु पटकीने, तापाने आणि सुरुंगांनी जे हजारो मजूर त्या डोंगरात मेले, त्यांतल्या एकाचेही नाव आम्हांस सांगता येणार नाही. लोकांनी मात्र आपल्या परीने एक स्मारक उभे केले आहे. साहेबाला घाटाची वाट दाखविणारा शिंग्रोबा धनगर, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात त्याचे देऊळ आहे. कथेत इतिहास किती आणि कल्पना किती हे ठरविणे कठीण. पण वाटाड्या हा देवळात बसविण्याच्या योग्यतेचा असतो हे त्या अडाणी समजलेल्या समाजाने ओळखले, ही गोष्ट लहान नव्हे.

21 एप्रिल 1863 रोजी बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात इंग्लंडात टॉमस कुक ह्याने आपली पहिली प्रवासी मंडळी आल्प्समध्ये स्वित्झर्लंडला नेली. पुढे 1865 मध्ये इकडे थळघाट ओलांडून गाडी इगतपुरीला पोचली, आणि त्याच वर्षी तिकडे मॅटरहॉर्नचे शिखर पहिल्यांदा सर झाले. सामान्य माणसाला डोंगराचे दार उघडण्याचा काळ दोन्हीकडे एकच होता. मग दोन्हीकडच्या खेड्यांचे दैव इतके निराळे का झाले?

ह्याचे एक उत्तर शामोनी ह्या आल्प्समधील दरीत सापडते. 1820 साली माँ ब्लाँ चढताना हिमलोटात तीन वाटाडे मेले. दुसऱ्याच वर्षी, 1821 मध्ये, तिथल्या गावकऱ्यांनी वाटाड्यांचा संघ स्थापन केला. काम पाळीपाळीने मिळावे असा नियम केला, आणि अपघातात सापडलेल्यांच्या कुटुंबांसाठी फंड ठेवला. प्रवासी श्रीमंत असो की सरदार, त्याला त्या संघाच्या नियमाने चालावे लागे. म्हणजे पाहुण्यांची लाट येण्यापूर्वीच यजमान संघटित झालेला होता. शेतकऱ्याचा मुलगा वाटाड्या झाला, वाटाड्याचा मुलगा खाणावळीचा मालक झाला, आणि दरीतला पैसा बऱ्याच अंशी दरीत राहिला. अर्थात तो देश स्वतःचा कारभार स्वतः करीत होता, हाही भेद विसरून चालणार नाही.

आमच्याकडे ह्याच्या नेमके उलट घडले. 1878 च्या जंगल कायद्याने रानावर सरकारची पकड घट्ट झाली. काताचे भट्टे लावणारा कातकरी आणि राब भाजणारा शेतकरी आपल्याच डोंगरात गुन्हेगार ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ह्याविरुद्ध इतकी ओरड झाली की 1885 मध्ये मुंबई सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. माथ्यावर साहेब व शेटजी वनश्रीचा आनंद लुटीत होते, त्याच वर्षांत पायथ्याशी वनश्रीचा मूळ मालक लाकडाच्या मोळीसाठी दंड भरीत होता. पुढे 1907 साली आदमजी पीरभॉय ह्यांच्या कुटुंबाच्या धैर्याने व पैशाने नेरळ-माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. ते काम कौतुकास्पदच होते. पण गाडीतून उतरल्यावर पुढे काय? पुढे माणसाने ओढायची रिक्षा. पालखी गेली, खांद्याच्या जागी हात आले.

आता ठाकुर्लीकडे वळू. विजेच्या गाड्या 1925 मध्ये मुंबईत सुरू झाल्या, आणि 1929 मध्ये कल्याणपासून पुण्यापर्यंतचा मार्ग विजेवर आला. घाटातल्या गाड्यांना लागणारी वीज देण्यासाठी त्याच सुमारास जी. आय. पी. रेल्वेने ठाकुर्लीस, चोळे गावाच्या हद्दीत, कोळशावर चालणारे वीजगृह उभारले. आज ते बंद पडलेले आहे. पण 1930 च्या 1 जूनला ‘दख्खनची राणी’ घाट चढू लागली, त्या पर्वात ठाकुर्लीच्या भट्टीतला निखाराही होता. म्हणजे आमचे गाव ह्या खोऱ्याच्या प्रवासात नुसते वाटेवरचे स्टेशन नव्हते. पाहुण्यांना वर नेण्याच्या कामात त्याचाही हात लागलेला आहे.

खोऱ्याच्या माथ्यावरही विजेने आपला हिशेब मांडला होता. टाटांनी पूर्वेकडे वाहणाऱ्या आंध्रा नदीला ठोकरवाडीस बांध घालून तिचे पाणी पश्चिमेकडे भिवपुरीच्या वीजगृहावर सोडले. 1922 मध्ये ते सुरू झाले. घाटावरच्या वस्त्या व शेते त्या जलाशयाखाली गेली. वीज करून मोकळे झालेले पाणी पेज नदीतून उल्हासला मिळते, म्हणून उल्हास उन्हाळ्यातही वाहती राहते, आणि म्हणून कल्याण-डोंबिवलीच्या नळांना बारा महिने तिचे पाणी येते. आम्ही कर्जतच्या धबधब्याखाली एकदाही उभे राहिलो नसलो तरी रोज सकाळी आम्ही त्या खोऱ्याचे पाहुणेच असतो!

आणि खोऱ्यातला माणूस सदाच मुका राहिला असेही नाही. माथेरानलाच, एका गरीब नाभिक कुटुंबात, 1 डिसेंबर 1912 रोजी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. हवा खायला येणाऱ्यांच्या गावात वाढलेला हा मुलगा वकील झाला, आणि त्याने वकिली कोणासाठी केली? सावकाराच्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी व आदिवासींसाठी. त्यांच्यासाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. 1942 च्या चळवळीत भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाडच्या बाजूस सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. माथेरानचा ‘शोध’ कोणी लावला हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. माथेरानने देशाला काय दिले हेही त्याला ठाऊक असावयास नको काय?

गेल्या काही दशकांत पाहुण्यांची जात बदलली आहे. आता साहेब येत नाही. आपलीच मुले पाठीला पिशवी लावून येतात. कोंडिवड्याहून कोंडाण्याच्या लेण्यांवरून ती राजमाची चढतात, जूनच्या तोंडाशी काजव्यांनी लखलखणारी झाडे पाहतात, सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीची वाट पाहतात. गडावरच्या उधेवाडीत पिठले-भाकरीची सोय गावकरीच करतात. ह्यात आम्हांस शामोनीची अंधुक का होईना पण चाहूल लागते. इकडे 2003 मध्ये माथेरानचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचा रानावरचा हक्क निदान कागदावर तरी मान्य झाला, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानची माणसाने ओढायची रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश देऊन ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची सूचना केली. साहेबाच्या पालखीपासून ह्या आदेशापर्यंत पाऊणदोनशे वर्षे गेली!

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पावसाळ्यात धबधब्यांवर जी झुंबड उडते ती दारूच्या बाटल्यांच्या काचा मागे ठेवते, आणि त्या काचा भातलावणी करणाऱ्या बाईच्या अनवाणी पायात शिरतात. रस्त्यालगतची भातखाचरे विकली जाऊन तिथे शहरातल्या लोकांचे बंगले उठत आहेत, आणि कालचा शेताचा धनी त्या बंगल्याच्या फाटकाशी राखणदार म्हणून उभा आहे. ही विक्री कायदेशीर असेल. पण यजमानाचा नोकर व्हावा ह्यापरते खोऱ्याचे दुर्दैव ते कोणते?

तेव्हा डोंगरात जाऊ नका असे सांगण्यासाठी हा खटाटोप नाही. जरूर जावे, मुलांना घेऊन जावे. मात्र वाटाड्या गावातला घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. भाकरी गावातली खावी. करवंदे विकणाऱ्या ठाकरणीशी चार आण्यांसाठी हुज्जत घालू नये. आणि गडाचे नाव विचारावे तसे वाडीचेही नाव विचारावे. राजे गेले, साहेब गेले, ठाकुर्लीच्या भट्ट्याही विझल्या. वाडी अजून तिथे आहे. ती तिथेच नांदती राहते की नाही, हे ह्यापुढे बऱ्याच अंशी आपल्यासारख्या पाहुण्यांच्या वागण्यावर अवलंबून राहणार आहे.