चाकूचें पाणी

सुरीचें पातें मुठींत पक्कें बसविलेलें असतें. चाकूचें पातें मुठींत मिटतें. म्हणूनच खिशांत वागविण्याजोगा चाकू हा लेखनिकाचा जुना सोबती. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथील राज्यकारभाराची भाषा १८८४ मध्यें फारसीऐवजीं उर्दू झाली. कचेरींत उर्दूची कलम चाले, खेड्यांत कुलकर्ण्याचा बोरू मोडीच्या वळणानें धांवे. दोहोंचें टोंक चाकूनेंच तासावें लागे. धार बोथट असली कीं बोरू चिरे आणि अक्षर बिघडे.

चाकू निवडतांना मुठीच्या शिंगाला वा पितळेला भुलूं नये. पातें उघडून आडवें हलवावें. तें खिळ्यावर डुगडुगूं नये. मागील कमानीनें तें उघडें असतां व मिटलें असतां सारखेंच दाबून धरावें. तिसरें व मुख्य लक्षण म्हणजे पाणी. तापवून लाल केलेलें पोलाद पाण्यांत बुडविलें कीं कठीण होतें, पण ठिसूळहि होतें. म्हणून लोहार तें पुन्हां मंद आंचेवर धरतो. घांसलेल्या पात्यावर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढतांच आंच थांबवावयाची. रंग निळा झाला तर चाकूची धार टिकत नाहीं.

या विद्येचें एक मोठें पीठ निजामाच्याच मुलुखांत होतें. आज तेलंगणांत असलेल्या कोनासमुद्रम् गांवीं मुशींत पोलाद करीत, आणि तें नेण्यास इराणचे व्यापारी येत. डॉ. हेलेनस स्कॉट यांनीं १७९४ मध्यें मुंबईहून अशाच हिंदी पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले. बँक्स यांच्या सांगण्यावरून स्टोडार्ट नांवाच्या कारागिरानें त्याचा एक लहानसा चाकू घडविला. अंधारांत जेमतेम लाल दिसेल इतक्याच आंचेवर त्यानें तें पोलाद ठोकलें. अधिक तापविल्यास तें फुटतें. धार उत्तम विलायती चाकूच्या तोडीची निघाली. पिअर्सन यांनीं हा वृत्तांत १७९५ मध्यें रॉयल सोसायटीपुढें मांडला.

मग दक्षिणेंतील त्या भट्ट्या विझल्या कां? शेफील्डचें पोलाद यंत्रबळानें स्वस्त झालें, हें एक कारण. दुसरें अधिक बोंचणारें आहे. ज्यांच्या हातांत ही विद्या होती त्यांच्या हातीं लेखणी नव्हती. आणि ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांनीं ती तासणाऱ्या पात्याची कृति लिहून ठेवण्याची आस्था क्वचितच दाखविली.

चांगलें पातें जपलें तरच चांगलें राहतें. कैरी किंवा लिंबू चिरल्यावर तें लगेच धुऊन कोरडें करावें, खिळ्यावर तेलाचा थेंब सोडावा, आणि धार ओल्या दगडावर सावकाश लावावी. वेगानें फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पातें तापतें, आणि लोहारानें दिलेलें पाणी क्षणांत उतरतें.

चाकूची गोष्ट तीच कोयत्याची. बीडमधून ऊसतोडीस जाणाऱ्या जोडप्याला आजहि ‘एक कोयता’ म्हणूनच मोजतात. त्याचा संसार त्या धारेवर चालतो. कोयत्याला पाणी देणारा लोहार गांवांत आहे तोंवर त्याला विचारून त्याची रीत लिहून घ्यावी. खंडेनवमीच्या हळदकुंकवाइतकेंच तेंहि हत्याराचें पूजन होय.