मांडीवरचें मूल आणि मोटारींतील आसन

महाशिवरात्र जवळ आली कीं वैनगंगेच्या कांठीं मार्कंडा येथील यात्रेला निघालेल्या बैलगाड्यांची रांग लागे. ती रांग पाहिलेलीं वृद्ध माणसें चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत अजून भेटतात. गाडी जुंपण्यापूर्वीं तिच्यांत तणीस अंथरावयाची, तिच्यावर गोधडी घालावयाची आणि मधोमध मुलें बसवावयाचीं, अशी रीत होती. वडीलधारीं माणसें कडेला बसत आणि तान्हें मूल आईच्या मांडीवर असे. घरीं छताची दमणी असली तर ती लेंकुरवाळ्या बायकांसाठीं राखून ठेवीत. हलक्या, चपळ रेंगींतून घरांतील पुरुष पुढें जात. एका दमणींत किती मुलें मावतात, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. जितकीं असतील तितकीं मावत.

याचें कारण केवळ त्या काळचा भाबडेपणा नव्हे. जड गाडीचा बैल ताशीं तीन-चार किलोमीटर चालतो. चाक खड्ड्यांत गेलें तर मूल कलंडे आणि आईचा हात त्यास सांवरी. त्या वेगाला मांडी हें खरोखरच पुरेसें आसन होतें. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवानें तें सिद्ध झालें होतें, आणि म्हणूनच वाहन बदललें तरी तो विश्वास बदलला नाहीं. आज एका मोटारींत दोन किंवा तीन मुलांचीं आसनें कशीं बसवावीं, हा प्रश्न शहरांतील घरांपुढें येतो, तेव्हां त्याचें मूळ या जुन्या विश्वासांत शोधावें लागतें.

या वनप्रदेशांत वेगवान वाहनें उशिरां आलीं. गोंदियाकडून चांद्यापर्यंत येणारा अरुंद लोहमार्ग १९१३ सालीं पुरा झाला आणि तो रुंद होण्यास १९९९ साल उजाडावें लागलें. गडचिरोलीच्या मुलखाला तर दीर्घकाळ वडसा या एकाच रेल्वे स्थानकावर भागवावें लागलें. हा मुलूख २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरापासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला. सामान्य माणसाचें वाहन ठरली ती एस.टी. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें आणि त्या वेळचें अहमदनगर यांच्या दरम्यान धांवली. पुढें तिचा विस्तार विदर्भांत झाला. एस.टी.नें मुलांच्या बाबतींत एक हिशेब घरोघर रुजविला. पांच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धें तिकीट, आणि त्याहून लहान असेल तर तिकीटच नाहीं. सवलत म्हणून ही गोष्ट दयाळूपणाची खरी. परंतु तिच्यामुळें लहान मूल म्हणजे अर्धा प्रवासी, आणि तान्हें मूल म्हणजे जागाच न लागणारा प्रवासी, ही समजूत मनांत पक्की झाली. पुढें काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांनीं तिच्यावर कळस चढविला.

मध्यमवर्गाच्या दारांत मोटार आली ती प्रामुख्यानें १९८३ च्या डिसेंबरांत ‘मारुती ८००’ बाजारांत आल्यानंतर. बाहेरून मोजली तरी या गाडीची रुंदी दीड मीटरहून कमी होती. तरीहि पुढें दोघे, मागें तिघे आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक मूल, अशी तिची भरती होई. दमणीची रीत मोटारींत जशीच्या तशी आली. वेग मात्र पंधरा-वीस पटींनीं वाढला होता, आणि तो हिशेब कोणी मांडला नाहीं.

तो हिशेब शाळकरी मुलालाहि मांडतां येण्यासारखा आहे. ताशीं ५० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. धडक होऊन गाडी एक दशांश सेकंदांत थांबली, तर १० किलो वजनाच्या मुलास धरून ठेवण्यास सुमारे १४० किलोचें ओझें उचलण्याइतका जोर लागतो. पृथ्वीवर कोणत्याहि आईच्या हातांत तो नाहीं. दुसऱ्या रीतीनें पाहिलें तर, बांधून न ठेवलेल्या मुलाला त्या वेगानें बसणारा आघात जवळजवळ दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडण्यासारखा असतो. घराच्या गच्चीला कठडा नसेल तर जी आई मुलाला तिकडे फिरकूं देणार नाहीं, तीच आई मोटारींत त्याला पुढल्या बैठकीवर उभें राहूं देते. दोष ममतेचा नाहीं; वेगाची उंची डोळ्यांना दिसत नाहीं, इतकेंच.

या भागांतील रस्त्यांना ही गोष्ट विशेष लागू पडते. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीस जाणारा रस्ता जंगलांतून जातो. चितळांचा कळप किंवा रानडुक्कर एकाएकीं आडवें आलें कीं चालकाला करकचून ब्रेक दाबावा लागतो. घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर या बाजूला कोळशाचे ट्रक, तर एटापल्ली व आलापल्लीकडे सुरजागडचें लोहखनिज वाहणारीं अवजड वाहनें. मूल मांडीवरून उडण्यास धडकच व्हावी लागते असें नाहीं. असा एखादा ब्रेकहि पुरतो.

मुलांना मोटारींत वेगळें आसन देण्याची कल्पना पाश्चात्त्य देशांत निघाली. तिचा आरंभहि सुरक्षिततेसाठीं झाला नाहीं. सुरुवातीचीं आसनें मुलाला उंच बसवून बाहेरची गंमत दिसावी आणि त्यानें वळवळ करूं नये, एवढ्यासाठींच असत. १९५९ सालीं स्वीडनमध्यें व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनीं तीन ठिकाणीं जखडणारा पट्टा तयार केला आणि कंपनीनें तो इतरांनाहि वापरूं दिला. परंतु तो पट्टा प्रौढाच्या देहासाठीं होता. लहान मुलाच्या तो कमरेवर न बसतां पोटावर आणि खांद्यावर न बसतां गळ्याशीं येतो. १९६२ च्या सुमारास अमेरिकेंत लेनर्ड रिव्हकिन व ब्रिटनमध्यें जीन एम्स यांनीं सुरक्षिततेच्या हेतूनें मुलांचीं आसनें बनविलीं. पुढें १९६४ च्या सुमारास स्वीडनचे डॉ. बर्टिल आल्डमन यांनीं पाठमोरें आसन पुढें आणलें. अंतराळवीर ज्या तऱ्हेनें पाठीवर भार घेऊन बसतात त्यावरून त्यांना तें सुचलें. नवजात बालकाचें डोकें त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाइतकें असतें आणि मान कोवळी असते. तोंड मागें असलें म्हणजे धक्का मानेवर न येतां सबंध पाठीवर पसरतो. अशा आसनांची सक्ती करणारा पहिला कायदा अमेरिकेंतील टेनेसी राज्यांत १९७८ पासून अमलांत आला, आणि १९८५ पर्यंत त्या देशांतील सर्व राज्यांनीं तसे कायदे केले.

भारतांत हा विचार रुळण्यास आणखी तीन तपांहून अधिक काळ गेला. २०१४ सालीं ग्लोबल एनकॅप या संस्थेनें भारतांत खपणाऱ्या पांच लहान मोटारी आपटून पाहिल्या, तेव्हां मोठ्या माणसांच्या संरक्षणाबद्दल त्यांपैकीं एकीलाहि एकसुद्धां तारा मिळाला नाहीं. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली तिच्यांतील १९४-ब या कलमानें १४ वर्षांखालील मुलास पट्ट्यानें किंवा बालासनानें सुरक्षित न करतां गाडी चालविणाऱ्यास १,००० रुपये दंड सांगितला. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सायरस मिस्त्री यांचा मागच्या बैठकीवर पट्ट्यावांचून बसले असतां अपघाती मृत्यु झाला, आणि मागें बसणाऱ्यालाहि धोका असतो हें देशाला उमगलें. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशी परीक्षा सुरू झाली. तिच्यांत मुलांच्या संरक्षणास स्वतंत्र ४९ गुण आहेत, आणि त्यांतील १२ गुण मोटारींत बालासन नीट बसवितां येतें कीं नाहीं याचे आहेत. एकेकाळीं ज्याची नोंदच होत नसे, त्याचे आतां गुण मोजले जातात.

येथून खरा घरगुती प्रश्न सुरू होतो. चंद्रपुरांतील एखादें कुटुंब लग्नासाठीं गडचिरोलीस निघालें आहे, अशी कल्पना करावी. मुलें तीन: एक दहा महिन्यांचें, दुसरें साडेतीन वर्षांचें, तिसरें सात वर्षांचें. पहिल्याला पाठमोरें आसन, दुसऱ्याला छातीवर पट्टे असलेलें समोर तोंडाचें आसन आणि तिसऱ्याला पट्टा योग्य जागीं यावा म्हणून उंच बैठक, म्हणजे बूस्टर, लागतें. अलीकडील आंतरराष्ट्रीय मापाप्रमाणें एका आसनास ४४ सेंटिमीटरपर्यंत रुंदी धरतात. तीन आसनांचे झाले १३२ सेंटिमीटर. शिवाय पट्ट्याच्या कुलपापर्यंत हात जावयास हवा. इतकी सलग जागा लहान मोटारींत क्वचितच निघते. त्यांतून २००६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकानें ४ मीटरांहून आंखूड व लहान इंजिनाच्या मोटारींना करांत सवलत दिली आणि कारखानदारांचें लक्ष आंखूड गाड्यांकडे वळलें. अशा गाडींत पाठमोरें आसन पुढल्या बैठकीला टेंकतें, तें निराळेंच.

यावर उपाय नाहीं असें नाहीं; क्रम मात्र पाळावा लागतो. प्रथम मागच्या बैठकीची दोन्ही दारांमधील रुंदी टेपानें मोजावी, आणि आसनें विकत घेण्यापूर्वीं तिन्ही एकदम गाडींत ठेवून पाहावीं. आयसोफिक्सचे लोखंडी आंकडे एकमेकांपासून २८ सेंटिमीटरांवर कायमचे बसविलेले असतात आणि बहुधा कडेच्या दोन जागींच असतात. त्यांत अडकविलेलें आसन बाजूला सरकत नाहीं. पट्ट्यानें बांधलेलें आसन मात्र दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे करतां येतें. कित्येकदां तेवढ्यानेंच तिसऱ्याची सोय होते. पाठमोरें आसन सामान्यतः चालकाच्या मागें न ठेवतां दुसऱ्या बाजूस ठेवावें, म्हणजे चालकाला आपली बैठक पुढें ओढावी लागत नाहीं. जुन्या मोटारींत मधल्या जागेला केवळ कमरेचा पट्टा असतो. तेथें बूस्टर चालत नाहीं, कारण त्यास खांद्यावरूनहि येणारा पट्टा लागतो. आसन बांधल्यावर पट्ट्याच्या जागीं धरून हलवावें; इंचभराहून अधिक हललें तर तें पुन्हां बांधावें.

एवढें करूनहि जागा न निघाली तर थोरल्या मुलाला बूस्टरवर पुढें बसवून ती बैठक होईल तितकी मागें सारावी. तान्ह्याचें पाठमोरें आसन मात्र चालू एअरबॅगच्या समोर कधींहि ठेवूं नये. एअरबॅग फुगली तर ती त्या आसनाच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेंच, आदळते. जीपसारख्या गाड्यांत मागें जीं आडवीं बाकें असतात, त्यांवर बालासन बसवूं नये. तीं आसनें गाडीच्या दिशेला समोर किंवा पाठमोरें राहण्यासाठींच बनविलेलीं असतात.

सेंटिमीटरांची अडचण अशी सुटते. नात्यांची अडचण त्याहून अवघड आहे. मागची बैठक तीन आसनांनीं भरली कीं आजीला जागा उरत नाहीं. जिनें आपलीं चार मुलें मांडीवर घेऊन मार्कंडा गांठलें, तिला नातवंडाला मांडीवर घेऊं नको म्हणणें म्हणजे तिच्या मायेवर अविश्वास दाखविल्यासारखें वाटतें. मूल पट्ट्यांत रडूं लागलें कीं ‘दे इकडे माझ्याजवळ’ हा शब्द सहज निघतो, आणि सून गप्प बसते. पुष्कळ घरांतून हा प्रश्न येथेंच हरतो. त्यांत तीन आसनांचा खर्च पडतो, आणि मूल वर्षा-दोन वर्षांत त्या मापांतून बाहेर जातें. या अडचणी खोट्या नाहींत. परंतु त्यांच्यावर तोडगा काढावयाचा तो मुलाच्या जागेंतून काढूं नये. थोरल्याचें आसन धाकट्याला वापरतां येतें, मात्र तें अपघातांत सांपडलेलें नसावें आणि त्याची मुदत संपलेली नसावी. लग्नाला दोन खेपा करतां येतात. आजोबा आणि आत्या एस.टी.नें पुढें जाऊं शकतात. आजीला पुढली बैठक देतां येते आणि तिच्या हातीं मुलांचा खाऊ देतां येतो. वडीलधाऱ्यांना हें नीट समजावून सांगितलें तर त्यांना तें पटतें. कारण त्यांनीं स्वतः याहून वेगळें कांहीं केलेलें नाहीं.

दमणी जुंपतांना पहिला विचार मुलांचा होत असे. तणीस त्यांच्यासाठीं अंथरली जाई, मधली मऊ जागा त्यांना मिळे, आणि मोठीं माणसें उरलेल्या कडेवर धक्के सोसत बसत. जागा कमी पडली तर घरांतील धडधाकट माणसें गाडीमागून चालत. त्या रीतींतील मांडी आजच्या वेगाला पुरत नाहीं. तींतील क्रम मात्र आजहि योग्य आहे. मोटारींत किती माणसें मावतात हें तींत किती पट्टे आहेत यावरून ठरवावें, आणि त्या पट्ट्यांपैकीं पहिले मुलांच्या नांवें धरावे. मग उरलेल्या जागांत कोणीं बसावें आणि कोणीं एस.टी. धरावी, हें घरांतील मोठ्यांनीं आपसांत ठरवावें.